सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, मी एस-फोरमध्ये

मुलुंडहून गोव्याला सायकलने जायचं आणि सायकलनेच परतायचं, एवढी सलग रजा शाळेत मिळत नाही. म्हणून जाताना रेल्वे आणि येताना किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गाने सायकल असं ठरवलं.

रेल्वेत सायकल दोन तऱ्हांनी जाते. पार्सल म्हणून दिली तर ती कुठल्या गाडीत चढेल हे आपल्या हातात नसतं. लगेज म्हणून दिली आणि जागा असली, तर आपल्या तिकिटावर, आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, येते. म्हणून पार्सल ऑफिसच्या खिडकीवर तिकीट आणि ओळखपत्र पुढे करून आधी सांगायचं, ‘लगेज करायचंय.’

मांडवी एक्सप्रेस निवडली ती विचार करून. ती सीएसएमटीहून सुटते आणि मडगावला संपते. मधल्या बऱ्याच स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून पोत्यांमागची सायकल कोण काढणार?

सायन, दादर, लालबाग, भायखळा असा अंधारातला मोकळा रस्ता तुडवत सीएसएमटीला पोहोचले. गाडी सकाळी ७.१०ची होती, पण हाताशी भरपूर वेळ ठेवला होता. सगळी बांधाबांध तिथेच केली. पेडल काढली, हँडल फिरवून फ्रेमला समांतर केलं, मागच्या डिरेलरभोवती, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नाजूक भागाभोवती, जाड पुठ्ठा गुंडाळला. टायरमधली हवा काढायची गरज नसते, ते विमानासाठी. चाकाला कुलूपही लावायचं नाही, हमालाला सायकल ढकलता आली पाहिजे. नाव, फोन, ‘सीएसएमटी ते मडगाव’ असं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दोन ठिकाणी बांधलं.

ही सायकल मी शिकवण्यांच्या पैशांतून घेतली आहे. ती दुसऱ्याच्या हाती देताना जीव खालीवर होत होता. हमालकाकांना म्हटलं, “काका, आडवी ठेवावी लागली तर गिअरची बाजू वर राहू द्या.” ते म्हणाले, “आडवी कशाला ताई, उभीच बांधतो. दोरी आहे का?” दोरी होती. ही दोरी प्रत्येकाने न्यावीच.

चिपळूणपर्यंत माझं लक्ष खिडकीबाहेर कमी आणि ब्रेकव्हॅनकडे जास्त होतं. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तर तिच्यावर एखादं जड खोकं कोसळलं असेल, हेच डोक्यात. रत्नागिरीला उतरून मागे चालत गेले. व्हॅनमधून खोकी उतरत होती आणि आत, भिंतीशी, माझं हँडल दिसलं. मग कुठे पानवलचा ६४ मीटर उंच पूल डोळे भरून पाहिला.

मडगावला पावती दाखवून सायकल ताब्यात घेतली. एक ओरखडाही नव्हता! पेडल बसवताना मात्र ध्यानात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून भलतीकडे फिरवलं तर क्रँकच, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडाच, खराब होते.

दुसऱ्या दिवशी कुठ्ठाळीचा पूल, पणजी, केरीहून तेरेखोलची फेरीबोट आणि शिरोड्यात मुक्काम. वाटेत भेटलेल्या मुलामुलींना मी हेच सांगत सुटले होते की सायकल रेल्वेने नेता येते, पावती घेऊन, रीतसर. ब्रेकव्हॅनच्या भिंतीला सायकल टांगायचे दोन हुक रेल्वेने बसवले, तर दोरीचीही गरज उरणार नाही.