ओल्या टॉवेलांचा मे

दुपारची जेवणं उरकून पडवीत आडवी झाले आणि वर बघावं तर कौलं दिसेनात. मध्ये टॉवेल होते. एक पिवळा, एक गुलाबी, कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेला चॉकलेटी, पोहण्याच्या शिबिराचं नाव छापलेला निळा, काकांचे दोन पंचे आणि आत्याचा तो जाडजूड सोलापुरी. सगळे ओले. सकाळचे तर ओले होतेच, पण आदल्या दिवशीचेही तसेच, फक्त वास जास्त. 2025 सालचा मे महिना, तारीख 24. दापोली तालुक्यातल्या आमच्या भरल्या घरात अंग पुसायला म्हणून एक कोरडं कापड उरलेलं नव्हतं.

एरवी मे महिन्यात इथे टॉवेल हा बोलण्याचा विषयच नसतो. आंघोळ झाली की अंगणातल्या दोरीवर टाकायचा. न्याहारी आटपून बाहेर यावं तोवर तो पापडासारखा कडक झालेला असतो. काकूचं तर सगळं वर्ष त्या उन्हावर चालतं. रातांब्याच्या सालांना रसाची पुटं देत देत आमसुलं, ताटांवर पसरलेली आंब्याची साटं, भरलेल्या मिरच्या, पावसाळ्यासाठी कुळीथ. मुलांना कावळे हाकलायला बसवायचं आणि त्यांनी कावळ्यांपेक्षा जास्त साट खायचं, हा शिरस्ता. या वर्षी अंगण मोकळं. आमसुलांना बुरशी धरली म्हणून काकूने एक अख्खं सूप भरून आगरात ओतलं, आणि ओतून आल्यावर कुणाशीच काही बोलली नाही. साटं तिने गॅसजवळ सुकवायचा प्रयत्न केला. ती अर्धवट झाली. मुलांनी ती चमच्याने खाल्ली आणि त्यांना ती जास्त आवडली, यावर तर ती आणखीच चिडली.

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा त्या दिवशी रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे कुठेतरी जमिनीवर चढला. म्हणजे आमच्या डोक्यावरच म्हणायला हरकत नाही. वारा रात्रीपासून होता, वीज पहाटे गेली. मुलांचा एकच धोशा, "वादळ आहे ना? मग नाव काय त्याचं?" हे नाव ठेवण्याइतकं मोठं झालंच नाही, चक्रीवादळ झालं तरच नाव मिळतं, असं सांगितल्यावर त्यांचा विरस झाला. बिननावाच्या वादळात सापडलो हे शाळेत सांगून काय उपयोग? त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला आणि दोन दिवसांत मुंबईत. मुंबईत त्याने यायची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आमच्या फोनला रेंज नव्हती आणि आमच्यापुढचा प्रश्न टॉवेलांचा होता.

टॉवेलाच्या बाबतीत मी जरा विक्षिप्त आहे, हे घरचे सांगतीलच. दुसऱ्याचा टॉवेल मला चालत नाही, नवऱ्याचाही नाही. दोरीवर टॉवेल दुहेरी टाकलेला दिसला की मी चालता चालता तो उलगडते, मग घर कुणाचंही असो. गादीवर ओला टॉवेल टाकणाऱ्या माणसाबद्दल माझी काही मतं आहेत, ती इथे नकोत. अशा बाईला त्या दिवशी काकूने चुलीवर धरून थोडाफार सुकवलेला, धुराचा वास मारणारा आणि मुळात कुणाचा होता हे कुणालाच आठवत नसलेला टॉवेल दिला. मी तो मुकाट्याने घेतला.

खरी मजा आत्याची. आत्या याच घरात वाढली, पण लग्न होऊन अकोल्याला गेली ती तिथलीच झाली. 2024 च्या मे महिन्याअखेरी तिच्या अकोल्यात उन्हामुळे चक्क जमावबंदी लावली होती. दंगल नाही, मोर्चा नाही, ऊन! तो किस्सा ती या खेपेला येईल जाईल त्याला सांगत होती. "आमच्याकडे टॉवेल भिजवायचा असतो गं," ती म्हणे. दुपारी खिडकीला ओला पंचा बांधायचा, तो सुकला की पुन्हा बादलीत बुचकळायचा, रात्री तोच उशाशी. कूलरच्या टाकीत पाणी, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. बाहेरून येणाऱ्याला आधी पाणी आणि मग "कसे आहात". त्या उन्हाला कंटाळून ती यंदा महिनाभर माहेरी राहायला म्हणून आली, तर इथे हे. सोबत आणलेला सोलापुरी टॉवेल तिने पहिल्या दिवशी वापरला आणि तो काही पुन्हा तिच्या हाती आला नाही. टेरीच्या त्या सगळ्या फाशांमध्ये पाणी धरून तो दोरीला झोळ पाडून लोंबत राहिला. काका येता जाता त्याच्याकडे बघत आणि आपला पंचा झटकून खांद्यावर टाकत. पंचा फॅन नसतानाही वाऱ्याने अर्धामुर्धा सुकायचा. "अकोल्याला मानवेल तो," काका म्हणायचे. टॉवेलाला की बहिणीला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

सोलापूरच्या चादरीसारखं तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ही माहिती माझ्या नवऱ्याने त्या पावसात पुरवली. कुणीच काही म्हटलं नाही.

आम्ही डोंबिवलीहून आलो ते दिवा स्टेशनातून सुटणाऱ्या कोकणच्या गाडीने. खेडपर्यंत गाडी आणि पुढे एसटी. मे महिन्यातली कोकणची गाडी म्हणजे काय ते सांगायला नको. डब्यात उभं राहायला जागा नाही, पण खिडकीच्या गजांना मात्र पिळून बांधलेले टॉवेल. मुलांची तोंडं पुसून ओले झालेले, पाण्याची बाटली सांडली म्हणून भिजलेले. कोलाड, माणगाव मागे पडेपर्यंत त्यांनी सुकायचं, हा नियम. या वेळी बाहेरच पाऊस, तेव्हा खिडक्या बंद आणि टॉवेल मांडीवर. समोरच्या बाई पूर्ण प्रवासभर आपला टॉवेल एका हाताने हवेत धरून बसल्या होत्या. कुठे हवेला लागेल अशी आशा असावी.

खेडला एसटीच्या स्टँडवर मुलीने विचारलं, "आई, ते काका खिडकीतून टॉवेल का टाकतायत?" मला एकदम बरं वाटलं. म्हणजे अजून टाकतात तर.

आमच्या लहानपणी कोकण रेल्वे नव्हती. ठाण्याच्या स्टँडवरून रात्रीची गाडी, मे महिन्यात जादा गाड्या, आणि गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यामागे धावणारे बाप. सगळ्यांच्या हातात काही ना काही. रुमाल, पिशवी, टोपी, कुणाचं वर्तमानपत्र. बाबांच्या हातात टॉवेल. खिडकीतून तो आत टाकला की सीट आपली, असा कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना तोंडपाठ. वर्तमानपत्राचा हक्क कमी मानला जाई, वाऱ्याने उडतं म्हणून. रुमालावर टॉवेल पडला तर? यावर दोन घरांत गाडी सुटेपर्यंत वाद चाले, आणि कंडक्टरने निकाल दिला तरी महाडच्या चहापर्यंत कुणी कुणाशी बोलत नसे. चहाला उतरल्यावर मात्र हटकून ओळख निघे. कुणाची तरी मावशी केळशीची असे, कुणाचा मेहुणा हर्णैला.

एका वर्षी बाबांनी धावत जाऊन चांगला नेम धरून टॉवेल टाकला, तीन जणांच्या सीटवर बरोब्बर मधोमध. आम्ही ट्रंक उचलून दारापाशी पोचतो तोच पुकारा झाला की ही गाडी महाडची, दापोलीची पलीकडे लागते आहे. बाबा दापोलीच्या गाडीकडे धावले. धावताना हातात टाकायला काही नव्हतं म्हणून त्यांनी माझी कानटोपी टाकली. सीट मिळाली. टॉवेल गेला महाडला. पुढे कित्येक वर्षं, महाड आलं की बाबा खिडकीबाहेर बघून म्हणत, "इथे आपला एक टॉवेल आहे." ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. महाडला माझं कुणी नाही, पण गाव येऊन गेल्याशिवाय मला डोळा लागत नाही.

आता हायवे चौपदरी होतोय, 2011 पासून होतोय. कशेडीला बोगदा झाला, घाटाची वळणं चुकली. ज्यांच्याकडे गाडी आहे ते गाडीने येतात आणि सीटवर काही टाकावं लागत नाही. चांगलंच आहे ते.

दोरीवरच्या त्या निळ्या टॉवेलाकडे मात्र मी पडल्या पडल्या बराच वेळ बघत होते. पोहण्याचं शिबिर माझ्या मुलाचं, डोंबिवलीतलं. तो टॉवेल इथे कसा? काकूला विचारलं तर ती म्हणाली, "तूच नाही का पाठवलेलास? निसर्गाच्या वर्षी."

आमच्याकडे आता काळ असा चक्रीवादळांच्या नावांनी मोजतात. फयानच्या आधी, निसर्गानंतर, तौक्तेच्या वर्षी पुतणी झाली. 3 जून 2020 ला निसर्ग आलं तेव्हा कोरोनामुळे आम्ही डोंबिवलीत अडकलेलो. सकाळी काकांशी बोलणं झालं होतं. काका म्हणाले, "खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेत, दाराखाली चादर लावलीय, आता बघू." आम्ही हसलोसुद्धा. दुपारनंतर फोन लागेना. तो लागला तेव्हा कुठे कळलं की टॉवेल खिडकीत तसेच आहेत, पण वरची कौलं निम्मी नाहीत. आगरातल्या नारळी आणि पोफळी एका कुशीवर आडव्या. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, आंजर्लं, सगळीकडे हीच कथा. वीज यायला कित्येक आठवडे लागले.

गावाकडे सामान घेऊन एक टेम्पो निघाला तेव्हा मी काकूला विचारलं, काय पाठवू? ताडपत्री तर सगळेच देत होते, मेणबत्त्याही होत्या. ती जरा थांबली आणि म्हणाली, "जुने टॉवेल असतील तर दे. घरातलं सगळंच ओलं आहे." मी कपाट रिकामं केलं. शेजाऱ्यांकडून आणले. त्या गाठोड्यात शिबिराचा निळाही गेला असणार. काकूला तो आठवत होता. मला त्या गाठोड्यातलं काहीच आठवत नव्हतं, फक्त ते बांधताना गाठ बसत नव्हती एवढं आठवतं.

त्या दिवशी दुपारी वादळाच्या वेळी ते दोघं घरात कुठे बसले होते, काय करत होते, हे काकांनी आजवर सांगितलेलं नाही. काकूही सांगत नाही. विचारलं की काका आगर दाखवायला घेऊन जातात. पडलेल्या पोफळींच्या जागी त्यांनी त्याच पावसाळ्यात नवी रोपं लावली होती. या वर्षी त्यातल्या काहींना पहिलीच सुपारी धरली आहे. पावसाची उघडीप मिळाली तशी ते मला ती दाखवायला घेऊन गेले. वर बघून माझ्या डोळ्यांत पाणी पडलं, झाडावरचं.

परतताना खाचराच्या बांधावर थांबलो. मे महिन्याअखेर इथे भाजावळ झालेली असते, जमीन भाजून काळी दिसते, आणि रोहिणीत कोरड्या मातीतच धूळपेरणी उरकायची असते. मग पाऊस आला की दाढ, म्हणजे लावणीची भाताची रोपं, आपसूक वर येते. यंदा गोवऱ्या, पालापाचोळा सगळं भिजून पडलं होतं आणि खाचरात घोटाभर पाणी. भाताचं बियाणं काकांनी कणगीतून काढून ठेवलेलं, ते माजघरात पोत्यात तसंच. मी विचारलं, आता?

"आता काय," काका म्हणाले. "पाणी ओसरलं तर ओसरलं. नाहीतर बियाण्याला मोड आणून रहू करायचा. चिखलात फेकायचं."

"आणि नंतर उघडीप पडली तर? मोसमी पाऊस लवकर आला की मग थांबतो म्हणतात."

"मग जळेल."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरं आणायचं." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, पिळला. "तुमची गाडी किती वाजता आहे? खेडला लवकर निघा. रस्त्यावर झाड पडलंय म्हणत होते."