रेकॉर्ड झालेलं, पण पडद्यावर न पोचलेलं

'एलियन' (१९७९) या चित्रपटात संगीतकार जेरी गोल्डस्मिथचं संगीत गोल्डस्मिथच्याच जुन्या संगीताकडून हरलं. त्याने नव्याने लिहिलेले काही तुकडे काढले गेले, काही भलत्याच प्रसंगाखाली सरकवले गेले, आणि दोन-तीन मोक्याच्या जागी त्याचंच सतरा वर्षांपूर्वीचं, 'फ्रॉइड' (१९६२) साठी केलेलं संगीत आलं. शेवटच्या श्रेयनामावलीखाली तर हॉवर्ड हॅन्सन या दुसऱ्याच संगीतकाराची दुसरी सिम्फनी वाजते. हे सगळं संकलक टेरी रॉलिंग्जने संकलन करताना टेबलावर तात्पुरतं लावून ठेवलेलं होतं. दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या कानात ते इतकं बसलं की नवीन काहीही आलं तरी ते परकंच वाटणार होतं.

या तात्पुरत्या संगीताला 'टेंप ट्रॅक' म्हणतात. पार्श्वसंगीत फेटाळलं जाण्याच्या बहुतेक प्रकरणांत खरा आरोपी तोच असतो, असं माझं मत आहे. संकलन चालू असताना संगीतकार बहुधा आलेलाच नसतो. मुक्या प्रसंगाची लय कळत नाही म्हणून संकलक हाताशी असलेल्या अल्बममधून काहीतरी उचलून खाली लावतो. मग दिग्दर्शक तो प्रसंग त्या संगीतासकट शंभर वेळा बघतो. कट कुठे मारायचा हेही त्या संगीताच्या ठेक्यावर ठरतं. निर्मात्यांना दाखवलेली प्रतही तीच. यानंतर संगीतकाराला बोलावून सांगतात, 'असंच हवंय, पण हे नको.' हुबेहूब केलं तर चोरी, वेगळं केलं तर 'मजा नाही आली'.

दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा यातला सगळ्यात गाजलेला किस्सा. संगीतकार अलेक्स नॉर्थने कुब्रिकबरोबर 'स्पार्टाकस' (१९६०) केला होता, म्हणजे माणूस ओळखीचा. डिसेंबर १९६७ मध्ये त्याला लंडनला बोलावलं. टेंप ट्रॅकमधलं योहान आणि रिचर्ड या दोघा श्ट्राउसांचं आणि लिगेटीचं संगीत आपल्याला आवडलंय, त्यातलं काही ठेवायचा विचार आहे, हे कुब्रिकने लपवलं नव्हतं. नॉर्थला वाटलं, आपण त्याच्या तोडीचं देऊ. पंधरवड्यात त्याने चाळीसेक मिनिटांचं संगीत लिहिलं. ताणाने पाठ इतकी धरली की रेकॉर्डिंगला तो अँब्युलन्समधून आला आणि वाद्यवृंदाचं संचालन हेन्री ब्रँटला करावं लागलं. जानेवारीत चित्रपटाच्या पूर्वार्धाचं काम झालं आणि निरोप आला की पुढे संगीत लागणार नाही, श्वासोच्छ्वासाचा आवाज वापरू. एप्रिल १९६८ मध्ये न्यूयॉर्कला नॉर्थ चित्रपट पाहायला बसला, तेव्हा त्याला कळलं की त्याचा एक सूरही पडद्यावर नाही, टेंप ट्रॅकच कायम झालाय.

परिणामाच्या दृष्टीने कुब्रिक बरोबर होता. ते फिरणारं अवकाशस्थानक योहान श्ट्राउसच्या 'ब्लू डॅन्यूब'शिवाय आज कोणाला सुचेल? पण संगीतकाराला थिएटरच्या अंधारात ही बातमी कळू देणं हा निव्वळ भित्रेपणा झाला. टेंप ट्रॅक कायम ठेवायचा तर दोन परवानग्या लागतात, रचनेची वेगळी आणि ध्वनिमुद्रणाची वेगळी. रिचर्ड श्ट्राउसच्या तुकड्याचं चित्रपटातलं मुद्रण वाद्यवृंद-संचालक कारायानचं, डेक्का कंपनीचं. कंपनीने अट घातली की कारायानचं नाव द्यायचं नाही. म्हणून चित्रपटात कारायान वाजतो आणि बाजारात आलेल्या एलपीवर त्याच तुकड्यासाठी कार्ल ब्योम या दुसऱ्या संचालकाचं मुद्रण होतं.

टेंप ट्रॅक नसला तरी धोका टळत नाही, कारण संगीत चित्राच्या मापाने शिवलेलं असतं आणि चित्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम पळतो. वाद्यवृंद चित्राशी जुळावा म्हणून वादकांच्या कानात 'क्लिक' वाजवतात. दर १२ फ्रेमला एक क्लिक, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. आता संगीत रेकॉर्ड झाल्यावर दिग्दर्शकाने दाराकडे चालत जाणाऱ्या माणसाची नुसती १८ फ्रेम काढली, असं समजा. पाऊण सेकंद. बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, पण संगीतातून दीड मात्रा गेली. तीनतालाच्या आवर्तनातून दीड मात्रा काढा आणि सम कुठे पडते ते बघा. दार उघडायच्या क्षणी येणारा ट्रम्पेटचा घाव आता दार उघडून झाल्यावर येतो. म्युझिक एडिटर कुठल्यातरी लांबवलेल्या सुरात कात्री लावून ते जुळवतो, पण असे वीस बदल झाले की संगीताच्या चिंध्या होतात. मग तेच ऐकून कोणीतरी म्हणतं की संगीत काही जमलेलं नाही. हल्ली तंतुवाद्यं, पितळी वाद्यं आणि तालवाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करतात. दुरुस्ती सोपी होते, आणि मिक्सिंगच्या वेळी पितळी वाद्यं सरसकट बंद करणंही सोपं होतं. नाव राहतं, संगीत अर्धं जातं. हाही एक प्रकारचा नकारच.

दिग्दर्शक हिचकॉक आणि संगीतकार बर्नार्ड हरमनचं भांडण मात्र ना टेंप ट्रॅकचं होतं, ना कात्रीचं. १९५५ पासूनची जोडी. 'सायको'च्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको म्हणून हिचकॉकने सांगितलं होतं. हरमनने तरी लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने ऐकलं. त्या एका विजयाने हरमनचा घात केला, असं मला वाटतं. 'टॉर्न कर्टन' (१९६६) च्या वेळी युनिव्हर्सल स्टुडिओला खपणारं गाणं हवं होतं. हिचकॉकने आधीच लेखी बजावलं होतं की प्रेक्षक तरुण आहे, जुन्या पद्धतीचं चालणार नाही, ठेका हवा. हरमनने होकार कळवला आणि वाद्यवृंद मांडला तो असा: १६ हॉर्न, १२ बासऱ्या, ९ ट्रॉम्बोन, २ ट्यूबा, ८ चेलो, ८ डबल बास, शिवाय टिंपनी. व्हायोलिन एकही नाही. हॉर्न आणि ट्रॉम्बोनच्या त्या भिंतीतून पॉप गाणं निघणं शक्यच नव्हतं, हे त्यालाही कळत असणार.

मार्च १९६६ मध्ये रेकॉर्डिंगच्या जागी हिचकॉक आला, सुरुवातीचं शीर्षकसंगीत ऐकलं आणि वादकांसमोरच काम थांबवलं. त्यानंतर दोघांनी कधीच एकत्र काम केलं नाही. चित्रपटाला संगीत जॉन अ‍ॅडिसनचं लागलं. खरी मेख शेतघरातल्या खुनाच्या प्रसंगात आहे. सुरी, फावडं आणि शेवटी गॅसची शेगडी. माणूस मारणं किती कष्टाचं असतं ते हिचकॉकला दाखवायचं होतं. बाहेर टॅक्सीवाला उभा, त्यामुळे आवाज करायची सोय नाही. इथेही त्याला संगीत नको होतं, इथेही हरमनने लिहिलंच. चित्रपटात तो प्रसंग संगीताशिवायच आहे. नुसती धाप, पावलं, भांड्यांची आदळआपट. हरमनचं संगीत खाली लावून तो बघितला तर दमदार वाटतो, पण मारणारी माणसं एकाएकी सराईत वाटायला लागतात. या एका जागी हिचकॉकचंच बरोबर होतं.

उलटंही घडतं. 'पथेर पांचाली'त दुर्गा गेल्याचं बापाला कळतं तेव्हा आईचा हंबरडा राय यांनी काढून टाकला आणि तिथे तारशहनाईवरचा पटदीप ठेवला. रविशंकरांनी त्या चित्रपटाचं जवळजवळ सगळं संगीत एका रात्रीत रेकॉर्ड करून दिलं होतं. कुठला तुकडा कुठे लावायचा हे राय नंतर ठरवत बसले. १९६१ च्या 'तीन कन्या'पासून त्यांनी संगीत स्वतःच करायला घेतलं. मनात सगळं आधीच ऐकू येणाऱ्या दिग्दर्शकाने खरंतर हेच करावं.

काही वेळा संगीताचा दोष नसतोच. 'चायनाटाउन' (१९७४) ची चाचणी प्रेक्षकांपुढे पडली. अशा वेळी पुन्हा चित्रीकरण म्हणजे नटांच्या तारखा, मोडलेले सेट, लाखोंचा खर्च. संगीत बदलणं त्या मानाने स्वस्त आणि झटपट, म्हणून पहिला वार संगीतावर. फिलिप लॅम्ब्रोचं काम काढलं आणि गोल्डस्मिथला दहा दिवस दिले. एक ट्रम्पेट, चार पियानो, चार हार्प, दोन तालवादक आणि तंतुवाद्यं एवढ्यावर त्याने भागवलं. दोन तासांहून मोठ्या चित्रपटात संगीत जेमतेम तेवीस मिनिटं, आणि त्यातलं काही काढावंसं वाटत नाही. लॅम्ब्रोचं संगीत जुन्या ट्रेलरमध्ये मात्र राहून गेलं.

हॉलिवूडच्या करारात संगीत लिहून झालं की मालकी स्टुडिओची होते. काम टाकून दिलं तरी ठरलेले पैसे मिळतात, म्हणून कोर्टकचेऱ्या फारशा होत नाहीत. जाते ती पुढची रॉयल्टी. चित्रपट टीव्हीवर लागला की पैसे वाटले जातात ते क्यू शीटवरून. कुठला तुकडा, कोणाचा, किती सेकंद, याची ती यादी. यादीत नाव नाही तर काही नाही. टाकलेल्या संगीताचा दुसऱ्या चित्रपटात पुन्हा वापर करायचा तरी स्टुडिओची परवानगी लागते.

नॉर्थचं संगीत गोल्डस्मिथनेच १९९३ मध्ये नव्याने रेकॉर्ड करून घेतलं. नॉर्थ तोवर हयात नव्हता. 'टॉर्न कर्टन'चं हरमनचं संगीत संगीतकार एल्मर बर्नस्टाइनने १९७७ मध्ये एलपीवर आणलं. पुढे १९९१ मध्ये दिग्दर्शक स्कोर्सेसीने 'केप फिअर' पुन्हा केला, तेव्हा १९६२ च्या मूळ चित्रपटाचं हरमनचं संगीत बर्नस्टाइननेच नव्या मापाला बेतलं. ते कमी पडलं तिथे त्याने 'टॉर्न कर्टन'चे टाकलेले तुकडे जोडले. हरमनला जाऊन तेव्हा सोळा वर्षं होत आली होती.