मागून येणाऱ्यांचं पाणी

हाफ मॅरेथॉनमध्ये पाणी सगळ्यात जास्त कोणाला लागतं? जो तीन तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असतो त्याला. आणि पाणी संपतं कधी? तो पोचायच्या आत.

सरावाचे महिने, उपवन तलावाच्या फेऱ्या, गुडघा, नवऱ्याचे टोमणे, हे सगळं वगळते. जानेवारीतल्या रविवारी ठाण्याहून पहाटे टॅक्सीनं वाशीला गेले. टॅक्सीवाल्यानं 'कोण आजारी आहे?' असं विचारलं. साडेपाचला धावायला सुरुवात झाली. वाशीतून पाम बीच रोडनं बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. जाताना अंधार, गार वारा, झांजा, ढोल, चौकाचौकात टाळ्या. पालिका मुख्यालयाचा घुमट दिसला तेव्हा मी चक्क गुणगुणत होते.

परतीचा रस्ता मात्र वेगळाच निघाला, वास्तविक होता तोच. पाम बीच सपाट आणि सरळसोट आहे म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. मला तोच त्याचा दुर्गुण वाटतो. पुढचं सगळं दिसतं आणि जवळ काहीच येत नाही. पाठीवर ऊन, डावीकडे खारफुटी, आणि हवेत एवढा दमटपणा की घाम वाळायचं नावच घेईना. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. हे वाचलेलं होतं, आता भोगलं. एनआरआय कॉम्प्लेक्सपाशी कोणीतरी 'फ्लेमिंगो, फ्लेमिंगो' ओरडलं. मी मान वळवली नाही. मानेला तेवढीही ताकद खर्चायची नव्हती.

पहिल्या रिकाम्या टेबलापाशी मी चिडले नाही. पुढे असेल म्हटलं. पुढच्या टेबलाच्या पायांच्या घड्या घालणं चालू होतं. टीशर्टवाला पोरगा म्हणाला, "संपलं मॅडम, पुढच्या स्टॉलवर बघा." जाताना तिथेच लोक अर्धा ग्लास पिऊन अर्धा डोक्यावर ओतत होते. कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची मुदत, साडेतीन तासांचा, आयोजकांनीच ठरवलेला. मी त्याच्या आत होते. फी पुढच्यांएवढीच भरली होती.

सानपाड्याला मोराज सर्कलच्या अलीकडे सफाईच्या बायका कागदी ग्लास गोळा करत होत्या. एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीतली बाटली काढली.

"घ्या ताई. घरचं पाणी आहे."

मी ढसाढसा प्यायले. निम्मी बाटली संपली तशी लाज वाटून थांबले.

"प्या हो. अजून किती जायचंय?"

"तीन किलोमीटर."

"मग बस पकडा की! आणि याचे पैसे किती मिळतात?"

"मिळत नाहीत, भरावे लागतात."

ती शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस का गं, पैसे भरून पळतायत!" दोघी कंबरेवर हात ठेवून हसल्या. मीही हसले, आणि पोटरीत गोळा आला. मग तिनंच मला दुभाजकावर बसवून पाय ओढून दिला. वैद्यकीय पथकाची गाडी मी त्यानंतर पाहिली, ती वाशीच्या दिशेनं चालली होती.

उरलेलं अंतर थोडं चालले, थोडं धावले. शेवटी 21 किलोमीटरच्या वरचे ते 97 मीटर! 1908 च्या लंडन ऑलिंपिकची शर्यत राजाच्या विंडसर किल्ल्यापासून सुरू केली, म्हणून मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची झाली आणि तिचं अर्धं 21 वर थांबेना. त्या राजघराण्याला मी वाशीत मनसोक्त शिव्या घातल्या. तीन तास अकरा मिनिटं. मेडल मिळालं, केळी संपली होती.

आयोजकांना सविस्तर मेल लिहिला: पाण्याचा ठरावीक वाटा मागच्यांसाठी राखून ठेवा, शेवटचा धावक गेल्यावरच टेबल उचला. उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, सोबत पुढच्या वर्षीसाठी सवलतीचं कूपन. ते भाचीला पाठवून दिलंय. ती जोरात धावते, तिला पाणी मिळेल.