जंपसूट, तिसरा रविवार: आसन एकदाचं बसलं

जंपसूटचा, म्हणजे वरचं-खालचं एकसंध असलेल्या कपड्याचा, मांजरपाटातला चाचणीचा नमुना घालून उभी राहिले तेव्हा आरशात सगळं झकास दिसत होतं. खुर्चीवर टेकले मात्र, आणि गळा मागे सरकून पुढून घशाला लागला, खांदे खाली ओढले गेले, मागची शिवण तर करकचून ताणली. आईने दारातूनच विचारलं, "कुठल्या बोटीवर चाललीस गो?" गोव्यात, डिचोलीत आमच्या घरी असल्या कपड्याची ओळख कामगारांचा बॉयलर सूट एवढीच. बाबा खाणीच्या वर्कशॉपला होते, तिथला निळा सूट अजून माळ्यावर आहे. बोलणी खाल्ली ती खाल्ली, पण त्या सुटाने उत्तरही दिलं. तो अंगावर चढवून बसले तर कुठेच ओढ नाही. ढगळ आहे म्हणून नव्हे. मागून तो पुढच्यापेक्षा चांगलाच लांब कापलाय.

चूक माझ्या मापात होती. मी वरचं ब्लाउजसारखं आणि खालचं पँटसारखं अशी दोन मापं घेतली आणि कमरेत जोडून मोकळी झाले. कुडता-सलवारीत बसलं की कुडता वर सरकतो, सलवार खाली राहते, कुणाचं कुणाला अडत नाही. जंपसूटला ती सुटका नाही. खांद्यापासून निघालेलं कापड पायांमधून फिरून परत त्याच खांद्याला येतं, तेव्हा ते अख्खं वेटोळं टेपने मोजायचं. माझं भरलं ५९ इंच. नमुन्याचं होतं साडेएकोणसाठ. म्हणजे बसणं, वाकणं, चपलेचा पट्टा लावणं, सगळं त्या अर्ध्या इंचात!

मग जे केलं ते सगळ्यांनी करून बघावं असं आहे. नमुना अंगात असतानाच कमरेवर इलास्टिक बांधलं आणि त्याच्या खालून आडवी कात्री चालवली, बाजूच्या शिवणींपाशी फक्त दोन बोटं कापड जोडलेलं ठेवून. (हे काम बहिणीकडून करून घ्या. मी स्वतः केलं आणि पोटाला कात्री टोचली.) मग खुर्चीवर बसले. कापलेली फट आपोआप उघडली: पुढे जेमतेम अर्धा इंच, मागे मधोमध दीड. बसल्यावर पाठीकडची बाजू लांबते, पोटाकडची नाही, हे वाचून माहीत होतं. पण फट डोळ्यांदेखत उघडताना पाहिली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. जोडलेली दोन बोटं सोडवून फटीमागे जुन्या चादरीच्या पट्ट्या टाचल्या, उठबस केली, आणि तेच अंतर कागदी नमुन्यावर उतरवलं. पुढे सरसकट अर्धा इंच, मागे बाजूला अर्धा आणि मध्याकडे चढत दीड. वेटोळं आता साडेएकसष्ट.

त्यानंतरच खऱ्या कापडाला हात लावला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं सुती, ४४ इंच पन्ह्याचं, सव्वाचार मीटर. दोनदा धुतलं, आणि जुलैच्या पावसात व्हरांड्यात वाळायला तीन दिवस घेतले त्याने. पुन्हा मोजलं तर ४ मीटर १० सेंटीमीटर. पंधरा सेंटीमीटर पाण्यात गेले, पण कपडा शिवून झाल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेले बरे. दमट हवेत खडू उमटत नव्हता, म्हणून खुणा धावदोऱ्याने घातल्या. माया (शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड) सगळीकडे पाऊण इंच, बाजूच्या शिवणींना एक. पहिलाच कपडा आहे, कंजुषी कशाला?

आजीचं पायाचं मशीन फक्त सरळ टीप मारतं. बाजूच्या शिवणी आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून सुलटीकडून मारल्या, मग माया छाटून, पालटून पुन्हा मारल्या. दोरे आत बंद होतात. आसनाच्या, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तिथल्या, गोलाईला ही युक्ती चालत नाही, जाड होते आणि टोचते. तिथे एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घातला आणि पुढून मागे एकाच दमात टीप मारली. मग गोलाईवर तिला लागूनच, मायेच्या बाजूने, दुसरी टीप. माया छाटून तिरपी पट्टी बसवली. दोन वेळा उसवलं, तिसऱ्यांदा चारी शिवणी एका बिंदूत आल्या. त्या रात्री मी तो बिंदू घरात सगळ्यांना दाखवत फिरले. कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

मागे चेन लावायचा बेत रद्द. एकटीने पाठीमागे हात पोचत नाही, आणि बाथरूममध्ये हा कपडा खांद्यापासून उतरवावा लागतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून पुढे बटणपट्टी, गळ्यापासून कमरेखाली सात इंचांपर्यंत. त्याहून आखूड ठेवली तर नितंब त्यातून जातच नाहीत. बटणं करवंटीची, नऊ. काजं हाताने भरतेय. पट्टीवर उभी, पण कमरेवरचं आडवं. तिथे कापड बाजूंना ताणलं जातं. आडव्या काजात बटण कडेला जाऊन अडतं, उभ्यात पटकन निसटतं. माझ्या जुन्या शर्टाने हे भर बसमध्ये शिकवलं होतं.

एक गंमत. १९२० मध्ये फ्लॉरेन्सच्या 'ला नात्सिओने' या वर्तमानपत्राने थायात या कलावंताच्या अशाच अंगभर सुटाचा नमुना वाचकांनी घरी शिवावा म्हणून छापला होता. सगळा सरळ रेषांचा, इंग्रजी टी अक्षरासारखा. मी अजून त्या सरळपणाचा हेवा करतेय.

आजची स्थिती: सहा काजं झाली, तीन उरली. खिसे टाचलेत, शिवले नाहीत. पायाची दुमड मुद्दाम बाकी ठेवलीय. घेर मोठा आहे, बाजूंचं कापड तिरकं पडलंय, म्हणून दोन रात्री हँगरला लटकू दे, जेवढं उतरायचं तेवढं उतरू दे, मग खालचा काठ सारखा करून दुमडीन. स्कूटरवर बसून बघायचं बाकी आहे. तेवढा पाऊस थांबायला हवा.