सूत्रकृमींची मोजणी: माझा अनुभव

मुळांवर गाठी दिसल्या की बरेच जण थेट औषधाकडे वळतात. मी आधी सूत्रकृमींची, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या किड्यांची मोजणी करतो. द्विदल पिकात तर रायझोबियमच्या (नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंच्या) गाठीही असतात; त्या नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही.

मोजणी बिघडते ती बहुधा नमुना घेतानाच. पार वाळलेल्या झाडाखालची माती घेऊ नये. मुळं कुजली की तिथे खायला काही उरत नाही आणि सूत्रकृमी कमी सापडतात. मी शेतातल्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्याच्या कडेची, जिवंत मुळांची झाडं धरतो. वाफसा असताना 15 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची, 15-20 ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो, सोबत थोडी बारीक मुळं. पिशवी उन्हात राहिली तर सगळं फुकट, कारण पुढची पद्धत फक्त जिवंत, हलत्या सूत्रकृमींवर चालते.

200 घनसेंमी माती बादलीभर पाण्यात ढवळायची, वाळू खाली बसायला अर्धा मिनिट द्यायचा, गढूळ पाणी आधी 20 मेशच्या (इंचाला 20 भोकांच्या) आणि मग 325 मेशच्या चाळणीतून गाळायचं. दुसऱ्या चाळणीचं भोक 45 मायक्रॉनचं आणि गाठीच्या सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम 15 मायक्रॉन जाड, त्यामुळे ते उभं आलं की निसटतं. म्हणून चाळणी तिरकी धरतो आणि खाली आलेलं पाणी पुन्हा गाळतो.

चाळणीवरचा गाळ जाळीवर पसरलेल्या टिश्यू पेपरवर, पातळ थरात. खालचं पाणी पेपरला नुसतं टेकलं पाहिजे, म्हणजे जिवंत सूत्रकृमी पेपरमधून वळवळत त्यात उतरतात. मधे बुडबुडा अडकला तर तेवढ्या भागातून काही उतरत नाही. हे पाणी धरायला नरसाळ्यापेक्षा मला पसरट थाळी बरी वाटते. नरसाळ्याच्या नळीत साचलेल्या सूत्रकृमींना प्राणवायू कमी पडतो, ते मलूल होतात, मेलेही तर ओळखणं जिकिरीचं. 24 ते 48 तासांनी पाणी काढून 100 मिली करायचं, ढवळत ढवळत 10 मिली मोजणीच्या डिशमध्ये घ्यायचं, येईल त्या आकड्याला 10 ने गुणायचं.

एवढं करूनही मुळात रुतून बसलेल्या माद्या या आकड्यात येत नाहीत. त्यासाठी मुळं धुऊन ॲसिड फ्युक्सिनने रंगवून वेगळी पाहावी लागतात.