सांडव्यावरच्या तीन फळ्या

काकांनी तळं माझ्या हवाली केलं तेव्हा तीन गोष्टी दाखवल्या. होडी कुठे बांधायची, उडी कुठून मारायची आणि सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरच्या, फळ्या कशा बसवायच्या. तळं रिकामं करायची झडप कुठे आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "आहे तिकडे झुडपात. माझ्या आठवणीत तरी कुणी फिरवलेली नाही."

बंधारा मातीचा. खोल भागात ६ मीटर उंच, माथ्यावर ११० मीटर लांब. पाणी पसरतं २ हेक्टरांत. इतकी वर्षं घरचेच लोक पोहायचे. बाहेरच्यांनाही पोहायला आणि होडी वल्हवायला येऊ द्यावं असं माझ्या मनात आलं आणि विमा काढायला गेलो. तिथे पहिलाच प्रश्न आला : बंधाऱ्याचा तपासणी अहवाल आहे का? नव्हता. कधीच नव्हता.

काकांचं म्हणणं, एवढ्याशा तळ्याला कसली तपासणी. एका अर्थी बरोबर होतं. आंतरराष्ट्रीय व्याख्येत मोठं धरण म्हणजे १५ मीटर किंवा त्याहून उंच; ५ ते १५ मीटर असेल तर साठा ३० लाख घनमीटरांहून जास्त हवा. आमचा साठा? लहान तळ्यांचा ढोबळ हिशेब असा : क्षेत्रफळ गुणिले सर्वांत जास्त खोली गुणिले ०.४. खोली ५ मीटर धरली तर ४०,००० घनमीटर. व्याख्येच्या आसपासही नाही. पण ४०,००० घनमीटर म्हणजे ४०,००० टन पाणी, आणि बंधाऱ्याच्या खाली ओढ्याकाठी तीन घरं आहेत.

तपासणीला आल्या त्या निवृत्त अभियंता, सगळी नोकरी मातीच्या धरणांवर काढलेल्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. मी होडी तयार ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, सरळ कोरड्या बाजूच्या पायथ्याला उतरल्या. एके ठिकाणी गवत जरा जास्तच हिरवं होतं. तिथे काठी टोचली तर पाणी वर आलं. ते पारदर्शक बाटलीत भरून दगडावर ठेवलं आणि अर्ध्या तासाने आम्ही परत येऊन पाहिलं. तळाशी गाळ नव्हता.

"पाझर असणारच," त्या म्हणाल्या, "मातीचा बंधारा आहे. पण ज्या दिवशी हे पाणी गढूळ दिसेल, त्या दिवशी मला सकाळची वाट न बघता फोन करायचा." गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती वाहून येते आहे. भोक कोरड्या बाजूला सुरू होतं आणि कण कण करत पाण्याच्या दिशेने मागे सरकत जातं. ते तळ्यापर्यंत पोचलं की मग काही तासांचाच प्रश्न उरतो. खेकडे, उंदीर, साळिंदर यांची बिळं आणि कुजलेली मुळं त्याला आयती वाट करून देतात.

मग त्यांनी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली लेव्हलची नळी काढली. एक टोक सांडव्याच्या उंबऱ्याशी, म्हणजे जिथून पाणी ओसंडतं त्या कडेशी, माझ्या हातात, दुसरं घेऊन त्या माथ्यावरून चालत गेल्या. नळी पुरेना म्हणून टप्प्याटप्प्याने. दोन्ही कडांना माथा उंबऱ्यापेक्षा बरोबर १ मीटर वर होता. मधोमध ७५ सेंटीमीटर. मध्ये भराव सर्वांत उंच, तिथे तो बसलेला. शिवाय आम्ही होडीचा गाडा तिथेच वळवायचो. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता पाव मीटर खचला होता आणि मी त्यावरून रोज चालत होतो.

त्यात फळ्या. पोहायला पाणी जास्त मिळावं म्हणून काकांनी सांडव्याला खाचा पाडून तीन फळ्या बसवल्या होत्या, एकूण ४० सेंटीमीटर. त्यांच्यापुढे मासे निसटू नयेत म्हणून जाळी. मॅडमनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आमचा सांडवा ६ मीटर रुंद. मूळ रचनेत पाणी १ मीटर चढेपर्यंत तो सेकंदाला साधारण १० घनमीटर बाहेर टाकायचा. आता फळ्यांच्या वर आणि खचलेल्या माथ्याच्या खाली उरली जागा ३५ सेंटीमीटर. त्यातून जेमतेम २. तेही जाळीत पालापाचोळा अडकला नाही तर. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की कोरडा उतार खालून वर सोलत जातो. काका म्हणाले, "पूर आला तर फळ्या काढू की." मॅडमनी विचारलं, "वरून पाणी पडत असताना, रात्री, कोण काढणार? दाबाखाली खाचेत बसलेली फळी हलत नाही."

अमेरिकेतल्या साऊथ फोर्क धरणाबद्दल मी तेव्हा वाचलं. तेही खासगी, एका मासेमारी-शिकार क्लबच्या तळ्याचं. तळातले पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणला. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन गावासह त्या खोऱ्यात २,२०० हून जास्त माणसं गेली. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी जाळी काढलेली दिसली.

पाणी उतरवायचं ठरलं. झडप अर्थातच गंजून बसलेली. म्हणून माथ्यावरून दोन सहा इंची पाइप टाकून सायफन केला. घाई करायची नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. पाणी झपाट्याने उतरलं तर आतला उतार ओलाचिंब आणि जड राहतो, त्याला बाहेरून टेकू देणारं पाणी मात्र नसतं. मग तो घसरतो. आम्ही दिवसाला २० सेंटीमीटरवर राहिलो. तीन आठवडे गेले. तीन आठवडे मी खुणेच्या काठीवरचा आकडा लिहिण्यापलीकडे काही केलं नाही.

विसाव्या दिवशी झडपेच्या पाइपाचं तोंड उघडं पडलं. फूटभर व्यासाचं, जाळी गंजून गेलेली. आणि ते होतं बरोबर आमच्या उडी मारायच्या दगडाखाली. मी तिथेच उड्या मारत लहानाचा मोठा झालो. खोली ४ मीटर, झडप उघडी असती तर पाइपापलीकडे मोकळी हवा : त्या तोंडाला कुणाची पाठ चिकटली असती तर २८० किलोचा जोर. चार माणसांनी ओढूनही सुटली नसती. झडप कधी फिरली नाही, म्हणून आम्ही शाबूत. जिच्या नावाने मी महिनाभर बोटं मोडत होतो, तिनेच वाचवलं होतं.

आता तिथे मोठा पिंजरा आहे, झडप नवी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे. झडप उघडायची तर पाण्यात कुणी नाही, होडीसुद्धा नाही. पिंजऱ्याभोवती आणि सांडव्याच्या अलीकडे तरंगत्या पिंपांची दोरी लावली. उड्या पूर्ण बंद, कारण पाण्याची पातळी बदलते आणि दगड तिथेच असतो.

झाडांवरून घरात खरं भांडण झालं. कोरड्या उतारावरची पाच झाडं, त्यांच्या सावलीत सगळे बसायचे. नुसती तोडूनही चालणार नव्हतं. मुळं कुजून पोकळ्या राहतात. खोदून मुळं काढली, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत माती भरून दाबली, माथाही त्याच पद्धतीने वर आणला. काका आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत.

विम्याच्या कार्यालयातून फाइल एकदाच परत आली : धोका झाला तर खालच्या लोकांना कसं कळवणार, याचा आराखडा नव्हता. मी नकाशा आणि फोन नंबरांची यादी घेऊन तिन्ही घरी गेलो. शेवटच्या घरातल्या आजींनी यादी शांतपणे बघितली. "फोन करशील म्हणतोस? अरे, माझा फोन आत चार्जिंगला असतो आणि मी परसात. तेव्हा?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंधाऱ्यावर आज जो हाताने फिरवायचा भोंगा आहे तो आजींमुळे. पहिल्या चाचणीला त्या दारात उभ्या राहिल्या आणि ऐकू आला म्हणून हात हलवला.

तळं पुन्हा भरतानाही टप्पे ठेवले, प्रत्येक मीटरला काही दिवस थांबून. पायथ्याच्या चरात व्ही आकाराची खाच पाडलेला पत्रा बसवलाय. काटकोनी खाचेत पाणी ५ सेंटीमीटर चढलं तर पाझर सेकंदाला पाऊण लीटर, ८ चढलं तर अडीच. दिसायला तीन सेंटीमीटरांचाच फरक, पण पाणी तिपटीहून जास्त. दर रविवारी मी आकडा लिहितो आणि बाटली भरून बघतो. पोहायला येणारी मुलं आता विचारतात, "दादा, आज किती?"

पहिल्या पावसाळ्यात एका रात्री सांडवा जोरात वाहायला लागला. मी टॉर्च घेऊन गेलो. उंबऱ्यावर ४५ सेंटीमीटर पाणी, वर ५५ सेंटीमीटर भराव कोरडा. थोड्या वेळाने काका छत्री घेऊन आले. रिकाम्या खाचांवर टॉर्च धरून उभे राहिले. "चाळीस आणि पंचेचाळीस," असं काहीतरी पुटपुटले आणि मध्येच थांबले. मग माथ्याच्या मधोमध जाऊन पायाने माती दाबून बघितली.

"जा, झोप तू," म्हणाले. "मी थांबतो."