पॅच लावणाऱ्या स्क्रिप्टमधील एक दोष

आर्वी तालुक्यात नेटवर्कचा भरवसा नसल्याने कापूस खरेदीच्या नोंदप्रणालीतील बदल मी गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) पॅच फाइली, म्हणजे केवळ बदल टिपलेल्या फाइली, करून पेनड्राइव्हवरून गावोगावच्या संगणकांवर नेतो. त्या लावणारी स्क्रिप्ट प्रत्येक फाइलसाठी ‘गिट एएम’ ही पॅच लावणारी आज्ञा चालवत असे, पण ती आज्ञा यशस्वी झाली की नाही हे तपासत नसे; त्यामुळे एक पॅच अडला की अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवणारे गिटचे ‘रिबेस-अप्लाय’ हे फोल्डर तसेच मागे उरे, पुढचे निर्दोष पॅचही नाकारले जात आणि पडद्यावर शेवटी त्यांचीच तक्रार दिसत असल्याने शोध भलतीकडेच सुरू होई. आता स्क्रिप्ट पहिल्याच अपयशावर थांबते आणि अडलेल्या फाइलचे नाव दाखवते. अडलेला पॅच आपोआप वगळावा, ही सूचना मी स्वीकारली नाही, कारण वजनाच्या हिशेबातील अर्धवट बदलाने शेतकऱ्याचा चुकारा चुकतो.